पडद्यावरची भीती आणि दारातला धोका

पेण तालुक्यातील डोलवी हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. पोलाद कारखान्यामुळे अवजड वाहनांची वर्दळ आणि कामासाठी परप्रांतांतून आलेल्या माणसांची वस्ती इथे नित्याची. अशा ठिकाणी जास्त भीती कशाची वाटावी? अनोळखी शेजाऱ्याची की रस्त्याची? याचे उत्तर अनेकदा अनुभवाऐवजी टीव्ही देतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्ज गर्बनर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून याचा अभ्यास केला. दिवसाला चार तास किंवा त्याहून अधिक टीव्ही पाहणाऱ्यांना आपण हिंसेला बळी पडू अशी धास्ती जास्त वाटते आणि इतरांवर त्यांचा विश्वास कमी असतो, असे त्यांना आढळले. हा परिणाम एखाद्या कार्यक्रमाचा नसतो. वर्षानुवर्षे तेच ते पाहून मनातले जगाचे चित्र बदलते. मुळात भित्री माणसेच घरात बसून जास्त टीव्ही पाहत असतील, हा टीकाकारांचा आक्षेपही रास्त आहे. पण एकदा बसलेली भीती रोजच्या गुन्हेकथांनी कमी होणार नाही, हेही उघड आहे.

आकडे वेगळेच सांगतात. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, म्हणजे जवळपास सहापट. तरीही परक्या भाडेकरूकडे संशयाने पाहणारे घर मुलाला हेल्मेटशिवाय महामार्गावर जाऊ देते. चुकीच्या भीतीची किंमत अशी दोनदा मोजावी लागते : शेजार तुटतो आणि जीवही धोक्यात राहतो.

टीव्ही केवळ वाईटच, असे मात्र नाही. गोव्यासह पाच ठिकाणच्या ग्रामीण भागांत रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी केलेल्या अभ्यासात, केबल आल्यावर पत्नीला मारहाण योग्य मानण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. म्हणजे पडदा मन घडवतो. काय पाहायचे आणि किती, हे घराने ठरवायचे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये भोंगा वाजवून संध्याकाळी सात ते साडेआठ टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. डोलवीसारख्या गावांनी तो दीड तास शेजाऱ्याशी बोलण्यात घालवला, तर जगाची खरी खबर तिथूनच मिळेल.