रुग्णालयाच्या भिंतीवरचे कागद वाचा, आजच!



९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १० बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगर जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. तिथे ११ रुग्ण गेले. आपण हळहळलो, चौकशी समित्यांच्या बातम्या वाचल्या आणि कामाला लागलो. आपल्या घराजवळचे रुग्णालय कितपत सुरक्षित आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारले.

तातडीच्या वेळी कागद पाहत बसू नका. जवळ असेल ते रुग्णालय गाठा. म्हणूनच ही चौकशी घरात सगळे धडधाकट असताना, याच आठवड्यात करा.

१. नोंदणी : महाराष्ट्रात खासगी रुग्णालयाला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. प्रमाणपत्राची मुदत पाहा. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावावेच लागते. दिसले नाही, तर विचारा.

२. आगीपासून संरक्षण : आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘बी फॉर्म’ दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. शेवटचा कधी दिला, हे विचारा. बाहेर पडायचा जिना मोकळा आहे की खोक्यांनी अडवलाय, हे स्वतः पाहा.

३. मानांकन : नोंदणी म्हणजे रुग्णालय चालवण्याची परवानगी. एनएबीएच (रुग्णालयांसाठीचे राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकन ही त्यापुढची, रुग्णालयाने आपणहून दिलेली परीक्षा. औषध देण्यापूर्वी रुग्णाची ओळख दोन खुणांनी पटवतात का, शस्त्रक्रियेआधी ठरलेली यादी तपासतात का, जंतुसंसर्गाची नोंद ठेवतात का, हे बाहेरचे परीक्षक येऊन पाहतात. ‘एन्ट्री लेव्हल’ प्रमाणपत्र आणि पूर्ण मानांकन या वेगळ्या पायऱ्या आहेत, हे लक्षात ठेवा. पाटीवरच्या बोधचिन्हावर न जाता मुदत पाहा आणि एनएबीएचच्या संकेतस्थळावरील यादीत नाव शोधा.

४. सरकारी रुग्णालये : प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सर्वांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके, म्हणजे ‘एनक्वास’, आहेत. आपल्या केंद्राला हे प्रमाणपत्र आहे का? नसेल तर अडले कुठे, मनुष्यबळात की इमारतीत? हा प्रश्न ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीपुढे मांडा.

मानांकन म्हणजे रुग्ण बरा होण्याची हमी नव्हे. खर्च आणि कागदपत्रांचा भार पेलत नाही म्हणून अनेक प्रामाणिक छोटी रुग्णालये त्यापासून दूर राहतात. त्यांना त्यासाठी वाईट ठरवू नका. नोंदणी आणि अग्निसुरक्षा यांना मात्र कोणतीही सबब चालत नाही.

या दोहोंत त्रुटी आढळली तर महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे, इतरत्र जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. आधी डॉक्टरांशी, परिचारिकांशी सभ्यपणे बोला. त्यांनाही सुरक्षित जागीच काम करायचे आहे.

गृहनिर्माण संस्था, महिला बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ आणि गणेश मंडळांनी आपापल्या परिसरातील रुग्णालयांची अशी माहिती गोळा करून फलकावर लावावी. प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे. तो आजच बजावा!