मोकळी वाट म्हणजे बेवारस वाट नव्हे



पाऊस सरला की आपल्या सातपुड्यात शहरातल्या सायकली दिसायला लागतात. जाड टायरच्या, गियरच्या. दोन-चार जण येतात, पाड्यावर टेकतात, भाकर-चटणी खाऊन पैसे देतात, पोरांना एखादी फेरी मारू देतात आणि निघून जातात. त्यांच्याशी आपलं भांडण नाही. काचा वर करून गाडीतून जाणाऱ्यापेक्षा चढावर घाम गाळत येणारा माणूस आपल्याला जवळचाच वाटतो.

पण यंदा वेगळं झालं. काही माणसं नकाशा घेऊन आली. आपल्या पाड्यांना जोडणाऱ्या वाटांवर लाल रेघा ओढलेल्या. म्हणे सायकल पर्यटनाचा मार्ग होणार. मध्ये तंबूंच्या जागा, दोन्ही टोकांना फाटक, फाटकावर तिकिटाची खोली. आम्ही विचारलं, ह्याच वाटा का? उत्तर आलं, "ह्या रस्त्यांवर गाड्या नाहीत ना, म्हणून. एकदम शांत!"

आपल्या बाया हसल्या. गाड्या नाहीत हे खरं आहे. पण का नाहीत, हे नकाशावाल्यांनी विचारलं नाही. एस.टी. फाट्यावरूनच मागे वळते. खडी पडून पावसाळे गेले, डांबर आलं नाही. टेकडीवर चढून 108 ला फोन लागला तरी गाडी फाट्यापर्यंतच येणार. तिथवर अडलेली बाळंतीण बांबूच्या झोळीत आणि झोळी आपल्या खांद्यावर. पेपरवाले तिला 'बांबूलन्स' म्हणतात. आपल्याला त्यात गंमत वाटत नाही. जी शांतता पाहुण्यांना विकायची आहे, तिची किंमत आपण आधीच मोजतोय.

सायकल आपल्यालाही नवी नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल चांगली, पण वाट दगडांची. चढाला मुलगी सायकल ढकलते, उताराला धरून उतरते. पंक्चर काढायला बाजाराचा दिवस बघावा लागतो. ह्या मुलींसाठी वाट नीट करा म्हटलं की साहेब सांगतात, "वनजमीन आहे, परवानगी नाही." आणि तीच वाट पाहुण्यांसाठी नीट करायची म्हटली की परवानगी कुठून येते?

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2). गावाच्या 13 सोयींसाठी वनजमीन देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाणी, वीज, आणि त्यातच रस्ता. अटी अशा: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. ह्या 13 मध्ये पर्यटन कुठंही नाही.

दुसरीकडे वनसंवर्धन कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. वनखात्याच्या कार्य आयोजनेत निसर्ग पर्यटनाच्या सोयी घातल्या, तर ते आता 'वनेतर काम' धरलं जात नाही. म्हणजे तंबूला दार उघडलं. पण त्या दुरुस्तीनं वनहक्क कायदा रद्द झालेला नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. कलम 5 प्रमाणे जंगल, पाणी आणि आपली रीत राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा होता, आजही आहे.

काही साथी म्हणतील, गाड्या नसलेला डोंगर चांगलाच की. हो, चांगलाच. पण त्याचा भार कुणावर, हे बघावं लागतं. रायगड जिल्ह्यातलं माथेरान बघा. तिथं मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. 2003 साली तो परिसर पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर झाला. झाडं राहिली, हवा राहिली. पण पाहुणे आणि त्यांचं सामान पुढं कोण नेणार? घोडा, नाहीतर माणूस. माणसानं माणूस ओढायची हातरिक्षा तिथं वर्षानुवर्षं चालली. ई-रिक्षा द्या म्हणून ती ओढणारे कष्टकरीच कोर्टात गेले. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा अमानुष ठरवली आणि सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. गाडी बंद केली आणि माणसाचीच गाडी केली, असं आपल्या डोंगरात व्हायला नको.

आता आपल्या वाटांचं बघू. नकाशावर ती नुसती रेघ आहे. पण फागुन-चैतात अंधार असतानाच बाया त्याच वाटेनं मोहाला जातात. वैशाखात पानं तोडायची, चारोळी वेचायची, आमचुराला कैऱ्या आणायच्या, त्याच वाटेनं. गुरं पाण्याला, धान्य दळायला, देवाला कोंबडं, मेलेल्याला शेवटचं पोचवणं, सगळं त्याच वाटेनं. फाटक लागलं तर मोहाच्या टोपलीची झडती कोण घेणार? गुरं अडवायची पाटी कधी लागणार? मार्ग सायकलीचा असो की मोटारीचा, फाटक हे फाटकच असतं.

पोरांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. ते म्हणतात, दिवाळी झाली की घरं बंद करून गुजरातेत ऊसतोडीला जायचं, त्यापेक्षा इथं चार पैसे मिळाले तर काय वाईट? काहीच वाईट नाही. पण तिकीट दुसऱ्यानं फाडायचं, तंबू दुसऱ्याचा, आणि आपण पाणी भरायचं, भांडी घासायची, रात्री शेकोटीपुढं नाचायचं, ह्याला रोजगार म्हणायचं का? आपला नाच होळीचा आहे, तिकिटाचा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं 2009 साली सामूहिक वनहक्क घेतला आणि 2011 साली बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आणला. बांबू त्यांचा, भाव ठरवणारेही तेच. वाटेचंही तसंच व्हायला हवं.

एक चूक आपलीही आहे, ती कबूल करू. सामूहिक दावा करताना आपण नजरी नकाशा काढला. त्यात शेतं दाखवली, नाले, गुरचरण, देवाची जागा दाखवली. बऱ्याच गावांनी वाटा दाखवल्याच नाहीत. रोज चालतो ती वाट काय दाखवायची, असं वाटलं. आज त्यांच्या नकाशात वाट आहे आणि आपल्या नकाशात नाही. म्हणून ती त्यांना रिकामी दिसली.

तेव्हा आमचं म्हणणं असं आहे.

पहिलं, आधी झोळी खाली ठेवायची. रुग्णवाहिका आणि एस.टी. पाड्यापर्यंत येईल एवढा रस्ता, कलम 3(2) खाली. त्याचा ठराव प्रत्येक ग्रामसभेनं आजच करावा.

दुसरं, वाट ज्या ज्या गावातून जाते, त्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय एक दगडही हलवायचा नाही. वनहक्क नियमांप्रमाणे निम्मी माणसं हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. सरपंचाची कोऱ्या कागदावरची सही म्हणजे ग्रामसभा नव्हे.

तिसरं, फाटक नको. पाहुण्यांकडून काही घ्यायचं तर ते ग्रामसभा घेईल आणि ग्रामसभेच्या कोषात टाकेल. मोहाचे दिवस, पानांचे दिवस, होळी आणि गावात मयत, ह्या वेळी पाहुण्यांची वाट बंद.

चौथं, नजरी नकाशे पुन्हा काढायचे. म्हाताऱ्यांना सोबत घ्या, प्रत्येक वाट चाला, तिचं नाव लिहा. आपल्या वाटांना नावं आहेत. आजीला विचारा, ती सांगेल. जिथं दावा व्हायचा आहे तिथं ह्या वाटा दाव्यात घाला. जिथं हक्क मिळाला आहे तिथं व्यवस्थापन समितीच्या आराखड्यात लिहा, आणि हा आराखडा वनखात्याच्या कार्य आयोजनेत घ्यायला लावा.

सायकल घेऊन येणाऱ्या दोस्तांनाही सांगणं आहे. या, बसा, पाणी प्या. परत जाताना एकदा झोळीचा दांडा खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालून बघा. मग आपल्या गावी जाऊन सांगा, ही वाट शांत का आहे ते.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं आपापल्या वाटांची यादी आणायची आहे. कागद नसेल तर कोळशानं पाटीवर लिहून आणा, पण आणा.

जिंदाबाद!