मोबाईलवरचा मजकूर आणि पुराव्याची कसोटी

‘बाबासाहेबांनी आरक्षण फक्त १० वर्षांसाठी दिले होते, पुढाऱ्यांनी मतांसाठी ते चालू ठेवले.’ हा मजकूर गेली कित्येक वर्षे मोबाईलवरून फिरतो आहे. निवडणूक आली, भरतीची जाहिरात निघाली किंवा एखाद्या समाजाचे आरक्षणाचे आंदोलन पेटले की तो हमखास येतो. खेदाची बाब ही की आपल्यातील शिकलेसवरलेले, त्याच आरक्षणातून नोकरीला लागलेले बांधवही तो वाचून गप्प बसतात. काहींना तर तो खराच वाटतो.

तो खरा वाटतो, कारण तो पूर्ण खोटा नाही. १० वर्षांची मुदत संविधानात होती, पण ती कशाला होती? कलम ३३४ उघडून पाहा. ती लोकसभेतील आणि विधानसभांतील राखीव जागांना होती. नोकरीतील आरक्षणाचे कलम १६(४) आणि शिक्षणासाठी १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेले कलम १५(४) यांत मुदतीचा एक शब्दही नाही. राहिला प्रश्न बाबासाहेबांच्या मताचा. २५ ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीत या विषयावर चर्चा झाली. अनुसूचित जातींसाठी यापेक्षा अधिक मुदत मागण्याची आपली स्वतःची तयारी होती, असे बाबासाहेबांनी त्या दिवशी सांगितले. म्हणजे मजकूर सांगतो त्याच्या नेमके उलट! हे भाषण महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या १३ व्या खंडात छापलेले आहे. हे तपासायला फार वेळ लागत नाही. पण मजकूर पुढे ढकलायला एक बोट पुरते आणि खंड उघडायला जागेवरून उठावे लागते.

विरोधकांच्या खोटेपणावर बोलताना आपल्याला चेव येतो. आपल्या घरात काय चालले आहे? बाबासाहेबांचा फोटो, निळी पार्श्वभूमी आणि खाली चार टाळीबाज ओळी, अशी चित्रे जयंतीच्या आठवड्यात शेकड्याने येतात. त्यांतली कितीतरी वाक्ये बाबासाहेबांची नाहीत. एका प्रबोधन शिबिरात एका तरुणाने असेच वाक्य मोठ्या आवेशात म्हटले. मी विचारले, कोणत्या खंडात आहे? तो म्हणाला, “सर, ग्रुपवर आले होते.” सभागृह हसले. मी हसलो नाही, कारण तेच वाक्य वर्षभरापूर्वी मीही एका पत्रकात छापले होते. ज्या महापुरुषाने प्रत्येक विधानाला आधार दिला, त्याच्या तोंडी निराधार वाक्ये घालणे ही काही भक्ती नव्हे. उद्या विरोधक अशा एका वाक्यावर बोट ठेवतील आणि त्याच्या आड खऱ्या वाक्यांनाही खोटे ठरवतील.

कोणी म्हणेल, मग हे मोबाईल, इंटरनेट सोडूनच द्यावे का? मुळीच नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा मोठी वर्तमानपत्रे कित्येक आठवडे मूग गिळून होती. सुरुवातीच्या काही बातम्यांत तर मृत माऊलीच्याच चारित्र्यावर शिंतोडे होते. तेव्हा छायाचित्रे आणि माहिती लोकांपर्यंत गेली ती ई-मेल आणि एसएमएसवरून. १९२० साली ‘मूकनायक’ का काढावा लागला, याचे उत्तर २००६ सालीही तेच होते. मात्र हे विसरू नये की त्या ई-मेलच्या मागे गावात जाऊन आलेली माणसे होती. सत्यशोधन समित्यांनी साक्षीदारांना भेटून, कागद पाहून अहवाल केले होते. माध्यम नवे होते, रीत जोतीरावांचीच होती.

ही रीत सुटली की काय होते, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात दिसले. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायत कार्यालयात ठेचून मारले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. ‘मूल परत आणून दिले’ हा शेवटचा भाग कापून ती अपहरणाचा पुरावा म्हणून फिरवली गेली. अफवेला बळी कोण पडले, पाहा. भटके, परगावचे, ज्यांची ओळख देणारा गावात कोणी नव्हता ते. राईनपाड्याच्या महिनाभरातच व्हॉट्सअॅपने एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पाठवता येईल अशी मर्यादा भारतात आणली. पाच जीव गेल्यावर!

माझ्याकडे अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात पक्षकार येतात आणि मोबाईल पुढे करतात, “वकीलसाहेब, हा घ्या स्क्रीनशॉट.” मूळ मेसेज कुठे आहे? रागाच्या भरात पुसून टाकलेला. न्यायालय नुसत्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवत नाही. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपले होते. त्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ साधनच न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नकलेसोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत आहे, एक पक्षकाराचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. कोणत्या यंत्रातून आले, ते यंत्र कोणाच्या ताब्यात होते, हे विचारले जाते. आपण किमान पहिला प्रश्न तरी विचारावा: हे मूळ कोठून आले? पाठवणारा आपला मामा आहे, हे त्याचे उत्तर नाही. आणि अत्याचारग्रस्त बांधवांना पुन्हा सांगतो, मूळ मेसेज पुसू नका, तो फोन विकू नका.

खरे-खोटे ठरवण्याचे काम सरकारने करावे असेही काहींना वाटते. केंद्र सरकारने २०२३ साली नियम बदलून स्वतःच्या कारभाराविषयीच्या मजकुराची सत्यता ठरवणारा आपलाच कक्ष आणू पाहिला. आरोपी आणि न्यायाधीश एकच! मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला.

कलम ३३४ ची मुदत शेवटची वाढवली ती १०४ व्या घटनादुरुस्तीने, आणि ती २५ जानेवारी २०३० ला संपते. त्याआधी वर्षभर तो १० वर्षांचा मजकूर पुन्हा प्रत्येक ग्रुपवर येईल. आमच्या विहारातील रविवारच्या वर्गात आम्ही आतापासून १३ वा खंड वाचायला घेतला आहे.