लाल रेघ आणि श्लेष

इंग्रजीतील समोच्चारी शब्दांच्या याद्या पाठ करून घेतल्या की काम संपले, हा समज आम्हांस मान्य नाही. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द थर्ड'मधील आरंभीचे स्वगत पाहावे. त्यातला 'सन' सूर्यही आहे आणि पुत्रही. कारण राजा चौथा एडवर्ड हा यॉर्कच्या ड्यूकचा मुलगा, आणि सूर्य हे त्याचे चिन्ह. १५९७ च्या क्वार्टोत व १६२३ च्या फोलिओत तेथे पुत्राचे स्पेलिंग आहे; आजचे संपादक बहुधा सूर्याचे छापतात. छापताना एकाची निवड करावीच लागते. रंगभूमीवर मात्र दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात. पीठ आणि फूल यांचे इंग्रजी शब्द तर मूळचे एकच. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही त्यांची फारकत झालेली नव्हती.

विद्यार्थ्याने 'ओ'च्या जागी 'यू' लिहिला तर चूक दाखवावीच. पण त्याच तासाला हेही सांगावे, की वहीत जिच्याखाली आपण लाल रेघ ओढतो, तीच गफलत नाटककाराच्या हाती श्लेष होते. हे न सांगितल्यास स्पेलिंग सुधारेल. साहित्य ऐकणारा कान मात्र तयार होणार नाही.