चार मिनिटं आधी

फ्रीलान्सर माणसाचं आणि वेळेचं फारसं जमत नाही. डेडलाइन शुक्रवारची असली की माझी कॉपी सोमवारी सकाळी जाते, आणि एडिटरही तेच धरून चालतो. आमच्या बार्शीच्या घरात मात्र एक टाइमटेबल आहे, जे कधी चुकत नाही. ते कालनिर्णयच्या चौकटींत पेन्सिलने लिहिलेलं असतं.

बाबा मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहायचे. दिवसभर तूर, ज्वारी, हमाली, तोलाई. रात्री जेवण झालं की गच्ची. ऑक्टोबर लागला की कॅलेंडरवर आकडे उमटायचे : १५ ऑक्टोबर, ११.३५. १ नोव्हेंबर, १०.३०. १५ डिसेंबर, ७.३५. ही देवयानी डोक्यावर येण्याची वेळ.

देवयानी ही आपल्या आकाशगंगेची शेजारीण. शेजारीण म्हणायचं एवढंच, अंतर २५ लाख प्रकाशवर्षं! दुर्बिणीशिवाय दिसणारी ही सगळ्यात लांबची गोष्ट, असं म्हटलं तरी चालेल. अल-सूफी नावाच्या पर्शियन खगोलज्ञाने इ.स. ९६४ मध्ये तिची नोंद 'छोटा ढग' अशी केली होती. तो ढग आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे, हे कळायला १९२३ मधला एडविन हबल उजाडावा लागला.

टाइमटेबलचा फंडा सोपा आहे. ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटांत संपवते. आपलं घड्याळ चोवीस तासांचं. म्हणून प्रत्येक तारा रोज चार मिनिटं आधी हजर होतो, महिन्याला दोन तास. वर बार्शी पुण्याच्या पूर्वेला, त्यामुळे आमच्याकडे देवयानी पुण्यापेक्षा सातेक मिनिटं आधी. याचा बाबांना उगाच अभिमान. "तुमच्या पुण्यात सगळं उशिराच," असं म्हणायचे.

मी पुण्यात आले आणि ते आकडे मागे पडले. इथे रात्री वर बघितलं तर होर्डिंगचा उजेड. घरी वर्षातून एकदा, दिवाळीला, तेही लॅपटॉप घेऊन. खरं तर दिवाळीसारखा मुहूर्त नाही. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या, चंद्राची कटकट नाही, आणि दहा-अकराच्या सुमाराला देवयानी ऐन माथ्याजवळ. फटाक्यांचा धूर नसला तर!

गेल्या दिवाळीत धूर जरा विरल्यावर मीच बाबांना गच्चीवर ओढून नेलं. म्हटलं, "दाखवा." ते बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "तूच शोध. मला आता रस्त्यावरचे दिवेसुद्धा देवयानीसारखे दिसतात."

मला हसू आलं, आणि मग एकदम आलं नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आईला माहीत होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगूनही काही महिने झाले होते. "तुला सुट्टी कुठे असते," आई म्हणाली. यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला.

त्या रात्री मी कॅलेंडर खाली घेतलं. देवयानी काही वर्षभर थांबत नाही. फेब्रुवारीत ती संध्याकाळीच वायव्येला कलते, मार्च उजाडला की क्षितिजाजवळच्या धुरळ्यात जाते. मग पुन्हा रात्री उजाडेपर्यंत जागायची तयारी नसेल तर थेट पावसाळ्यानंतर. म्हणजे ऑपरेशन नोव्हेंबरातच हवं. आणि दाखवायचा दिवस? बाबांनीच सांगितला : वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली. आमच्या भागात त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला असतं. "एकोणसाठ दिवस गुणिले चार, दोनशे छत्तीस मिनिटं. म्हणजे आजच्यापेक्षा चार तास आधी, चार मिनिटं कमी." हिशेब डोळ्यांनी थोडाच करायचा असतो?

नोव्हेंबरात एक डोळा झाला, डिसेंबरच्या सुरुवातीला दुसरा. मी दोन्ही वेळा तिथे होते. दोन कॉप्या लेट गेल्या. कोणीही मेलं नाही.

वेळ अमावस्येला काकांच्या शेतात भज्जी, उंडे आणि आंबील असं टोटल गच्च जेवण झालं. सव्वासातला पुरता अंधार पडला. उत्तरेकडे तोंड केलं की शर्मिष्ठेचे पाच तारे इंग्रजी 'एम'सारखे उभे दिसतात. त्याच्या दोन शेंड्यांपैकी जो जास्त टोकदार, तो वर बाणासारखा रोखलेला असतो. हात लांब करून त्या शेंड्यापासून दीड मूठ वर जायचं. रोखून बघायचं नाही, किंचित बाजूला नजर ठेवायची, मग तो पुसट डाग आपणहून दिसतो. हे सगळं मला लहानपणी बाबांनी शिकवलेलं, आता मी त्यांना सांगत होते आणि ते मुकाट्याने ऐकत होते.

"दिसली?"

"बाकी तारे अगदी टाचणीसारखे दिसतायत," बाबा म्हणाले. "ही एकटीच पुसट आहे."

"मग?"

"मग काय! बरोबर दिसतेय."

पुण्याला निघताना मी नव्या वर्षाचं कालनिर्णय उघडलं. पुढच्या वेळ अमावस्येच्या चौकटीत पेन्सिलने वेळ आधीच लिहिलेली होती. खाली बारीक अक्षरात : सुट्टी टाकणे.