पोस्टकार्डांची मोजदाद

अभिजात मराठीच्या चळवळीचा इतिहास उद्या कोणी लिहायला घेतला, तर त्यात एक प्रकरण पोस्टकार्डांना द्यावे लागेल. डिसेंबर २०२१मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनात ‘अभिजात मराठी’ दालन उभे राहिले आणि तेथे येणाऱ्यांकडून राष्ट्रपतींच्या नावे कार्डे लिहून घेण्यात आली. पुढे शाळा-महाविद्यालयांतही हे काम झाले. कार्डांची संख्या लाखाच्या घरात गेली. त्याआधी साताऱ्यात महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या शाहूपुरी शाखेने पंतप्रधानांना लाखभर पत्रे धाडण्याची मोहीम हाती घेतली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला तो दर्जा दिला. तो पत्रांमुळे मिळाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. रंगनाथ पठारे समितीचा अहवाल २०१३पासून दिल्लीत होता, आणि निर्णय झाला तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. तरीही हा प्रश्न वृत्तपत्रांतून विझू न देण्याचे श्रेय या मोहिमांना दिलेच पाहिजे.

मात्र बातमी झाली ती आकड्याची. गठ्ठ्यांची छायाचित्रे आली, पेटीत कार्ड टाकणारे मान्यवर आले. त्या लाखांतील एका तरी कार्डावरचे एखादे वाक्य आज कोणाच्या स्मरणात आहे काय? नसावे, कारण अशा मोहिमांत मजकूर बहुधा एकच असतो. तो फळ्यावर लिहून दिला जातो, मुले उतरवून घेतात, खाली सही करतात. भाषेच्या गौरवासाठी चाललेल्या उपक्रमात भाषेचा उपयोग शिक्क्यासारखा व्हावा, ही विसंगती निदान मराठीच्या अध्यापकांना तरी खुपायला हवी होती.

मंत्रालयात कार्डे मोजली जातात, हे खरे. तेथे संख्येला अर्थ आहे. वृत्तपत्राच्या कचेरीत हिशेब उलटा असतो. एकाच साच्याची चाळीस पत्रे आली की संपादक फार तर एक छापतो आणि उरलेल्यांमागे कोणाचा तरी हात आहे हे ओळखतो. चाळीस वेगळी पत्रे आली, तर मात्र त्याला बातमीदार पाठवावासा वाटतो.

मराठी पत्रकारितेच्या आरंभीच याचे मोठे उदाहरण आहे. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले. पोंभुर्ले आज सिंधुदुर्गात असले तरी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. पुढे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८पासून लोकहितवादींची पत्रे येऊ लागली. ‘शतपत्रे’ म्हणून आपण ती वर्गात शिकवतो, पण ती मुळात वृत्तपत्राला लिहिलेली पत्रे होती याचा विसर पडतो. गोपाळ हरी देशमुखांनी मागणी एकच ठेवली नाही. विद्या, जातिभेद, स्त्रियांची दुःस्थिती, आळस असे विषय बदलत राहिले, आणि संपादकाने त्यांना दीर्घकाळ जागा दिली. एका माणसाने शंभरांवर पत्रे लिहिली आणि ती एकसारखी झाली नाहीत. आपण शंभर माणसांकडून एकच पत्र लिहून घेतो!

संघटित पत्रलेखनाचे आधुनिक रूप ‘अॅम्नेस्टी इंटरनॅशनल’ने घडवले. २८ मे १९६१ रोजी ‘ऑब्झर्व्हर’मध्ये पीटर बेनेन्सन या वकिलाचा लेख आला आणि त्यातून ही संघटना उभी राहिली. १९७३मध्ये ब्राझीलमधील लुईझ रॉसी या प्राध्यापकाच्या अटकेनंतर तिने तातडीच्या पत्रांची पद्धत सुरू केली. तेथे स्वयंसेवकाला प्रकरणाची माहिती दिली जाते. पत्र त्याने आपल्या शब्दांत, सभ्यपणे लिहावे अशी अपेक्षा असते.

आपल्याकडे याची गरज आता अधिक आहे. दर्जा मिळाला, शाळांचे काय? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव शासनाने २०२३मध्ये मागवले. कोकणात वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या असतात. तीन किलोमीटर हे अंतर नकाशावर एक आणि आषाढात पऱ्ह्याला पाणी आल्यावर निराळेच. ‘मराठी शाळा वाचवा’ अशी हजार कार्डे गेली तर दोन ओळींची बातमी होईल. अमुक वाडीतील मुले कोणत्या साकवावरून जातात, तो कधीपासून मोडला आहे, पावसाळ्यात ती किती दिवस घरी बसतात, हे त्या वाडीतल्या विद्यार्थिनीने दीडशे शब्दांत लिहिले तर ते छापावेच लागेल. आमच्या मराठी विभागांत अशा वाड्यांतून आलेली मुले बसलेली असतात. त्यांना आपण पत्रलेखन शिकवतो ते गुणांसाठी. आणि शालेय परीक्षेतल्या त्या पत्राखाली सही असते अ. ब. क. या इसमाची. नाव घालायचे नाही, गाव घालायचे नाही, हे आपणच त्यांच्या हाडी रुजवले आहे.

तेव्हा मोहीम काढणाऱ्यांनी मजकूर वाटू नये, माहिती वाटावी: शासननिर्णयाची प्रत, तालुक्यातील शाळांची यादी, संपादकांचे पत्ते. कच्चा खर्डा कोणी तरी वाचावा, तथ्ये तपासावीत, शुद्धलेखन सुधारावे. वाक्ये मात्र लिहिणाऱ्याचीच राहू द्यावीत. सगळी पत्रे एकाच दिवशी टपालात टाकू नयेत. आणि गावातल्या मुलीने नावानिशी लिहिले की तिच्या घरी कोणाचा तरी फोन जाऊ शकतो, हे गृहीत धरून पहिले पत्र तिच्या प्राध्यापकाने स्वतःच्या पूर्ण नावाने लिहावे.