आत्मविश्वास म्हणे!

आपल्या पीएच.डी.वाल्या पोरांत आत्मविश्वास नाही म्हणे. विद्यापीठातल्या शहाण्यांचं औषध तयारच : परिषदेला जा, पेपर वाच, थंड हवेच्या ठिकाणी चार दिवस लिखाणाच्या शिबिराला बस.

जाऊ की! पण तिकीट कोण काढणार, तुझा बाप?

९ मे १९१६. न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझरच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांचे बाबासाहेब जातिसंस्थेवर पेपर वाचतात. १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ तो छापते. चार जाणत्यांपुढे उभं राहून बोलण्यात ताकद असते, हे मलाही कळतं. मी मॅट्रिक, गोदीत माल उतरवणारा. पण दोस्तांनो, त्या उभं राहण्याखाली बडोद्याची स्कॉलरशिप होती. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं.

आणि जानेवारी २०१६, हैदराबाद. रोहित वेमुलाची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली. पावणेदोन लाख. मरताना त्यानं हा हिशोब लिहून ठेवला. त्याला काय सांगणार होतात, एक पेपर वाच, बरं वाटेल?

त्याच साली यूजीसीनं प्रबंधाआधी परिषदांत दोन पेपर सक्तीचे केले, २०२२ ला सक्ती उठवली. सक्ती करताना खिसा कुणी तपासला? च्यायला, गोदीतला मुकादमसुद्धा आधी हजेरी मांडतो, मग ओझं देतो.

तेव्हा फेलोशिप आधी, दर महिन्याला, ठरल्या तारखेला. मग बोलवा परिषदेला. आणि अध्यक्षमहाराज, पोराचं इंग्रजी अडखळलं तर हसू नका. चहाच्या वेळी आडनाव विचारू नका. पेपरवर प्रश्न विचारा.